पेढी कोठें बसावी ?

गेल्या मार्गशीर्षांत खामगांवाहून आत्याबाईंचें पत्र आलें. मजकूर चार ओळींचा होता. आपल्या वाड्याचा खालचा सोपा व मागच्या दोन खोल्या एक पतसंस्था भाड्यानें मागते आहे. भाडें बरें देऊं म्हणते. दक्षिणेची भिंत यंदाच्या पावसाळ्यांत फुगली आहे. तरी कोणी येऊन काय तें ठरवावें. पत्र घरांत सर्वांनीं वाचलें, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत सभा भरली. थोरल्या बंधूंचें म्हणणें, भाड्यांतून भिंतीचा खर्च निघेल, जागा देऊन टाकावी. धाकट्या चुलतबंधूंच्या मतें वाडाच विकावा. वहिनींनीं मात्र एक साधा प्रश्न केला : "आपली गल्ली ती केवढी ! तेथें पैशाचें दुकान मांडूं देतात का ?" या प्रश्नाचें उत्तर कोणासच देतां येईना. म्हणून तें शोधून आणण्याचें काम आम्हां उभयतांकडे आलें.

खामगांवास रेल्वेनें जावयाचें तर शेगांव किंवा जलंब स्थानकावरून सरळ वाट आहे. आम्हीं मात्र मुद्दाम वळसा घेतला. जिल्ह्याचीं मुख्य कार्यालयें बुलढाण्यास आहेत, आणि नगररचनेच्या कामांत उभा जन्म घालविलेले आमचे एक स्नेही तेथेंच राहतात. तेव्हां मलकापुरास उतरावें, राजूरचा घाट चढून बुलढाणें गांठावें, आणि तेथून बोथ्याचा घाट उतरून खामगांवास जावें, असा मार्ग ठरला. निघालों तें एका गल्लीचा निकाल लावावयास. पण या वळशामुळें पैसा गांवांत कोठें बसतो व कां बसतो, याच दृष्टीनें निम्मा जिल्हा पाहून झाला.

मलकापूर हें मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जिल्ह्याचें पश्चिमद्वार. सकाळच्या थंडींत स्थानकाबाहेर एका बांकावर बसून आम्हीं चहा घेतला. शेजारीं बाजारास आलेले दोघे-तिघे शेतकरी होते. बोलणें कापसाच्या भावावरून निघून ठेवींवर गेलें. आणि मलकापुरांत ठेवींचा विषय निघाला म्हणजे तो कोठें जाऊन थांबतो हें सांगावयास नको. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनें नोव्हेंबर २०२१ मध्यें निर्बंध घातले. ठेवीदारास आपल्याच खात्यांतून १०,००० रुपयांपेक्षां अधिक काढतां येईनात. पुढें ५ जुलै २०२३ रोजीं बँकेचा परवाना रद्द झाला. ठेवीवरील विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्यें एक लक्षावरून पांच लक्ष रुपयांवर नेलेली होती, ही त्यांतल्या त्यांत सुदैवाची गोष्ट. शेंकडा ९७ हून अधिक ठेवीदार त्यामुळें पूर्ण रकमेस पात्र ठरतात, असें रिझर्व्ह बँकेनें त्या वेळीं जाहीर केलें. पण ज्याला बियाण्यासाठीं मृगापूर्वीं पैसे हवे होते, त्याला ते मागाहून मिळाले तरी तो हंगाम परत मिळत नाहीं. शेजारचे गृहस्थ तेंच वेगळ्या शब्दांत सांगत होते.

आम्ही बसलों होतों त्या बांकावरून एक गोष्ट आठवली. 'बँक' या शब्दाचें मूळ इटालियन भाषेंतील बांक या अर्थाच्या शब्दांत आहे. भर बाजारांत बांक टाकून नाणीं पारखून व बदलून देणारे सराफ हेच युरोपांतील पहिले बँकवाले. आपल्याकडील 'सराफकट्टा' हा शब्दही त्याच घडणीचा. तिकडे बांक, इकडे कट्टा. दोन्हींकडे पैशाची जागा उघड्यावर, चार लोकांच्या डोळ्यांदेखत. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत जाऊन दुसरा भाव काढून येई, आणि ज्याची पत गेली त्याला उद्यां तोंड लपवावयास जागा नसे. नगररचनेचे कायदे होण्यापूर्वीं कित्येक शतकें पैशानें आपली जागा या हिशेबानें धरली होती.

मलकापुराहून मोताळ्यावरून बुलढाण्याचा रस्ता सुमारें ४५ किलोमीटरांचा आहे. प्रथम पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी सपाट जमीन लागते. जमीन कशी, तर नांगरल्यावर ओल्या कोळशासारखी दिसावी ! मग एकाएकीं अजिंठ्याच्या डोंगराची ओळ पुढें येते आणि राजूरचा घाट सुरू होतो. जुने लोक खालच्या मुलखास पायनघाट व वरच्यास बालाघाट म्हणत. हा भेद केवळ हवापाण्याचा नाहीं. खालीं कापूस, लोहमार्ग आणि व्यापार. वर थंड वारा, पैनगंगेचा उगम आणि सरकारी कचेऱ्या. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आल्यावर साहेबलोकांस जिल्ह्याच्या ठाण्यासाठीं दोन हजार फुटांहून अधिक उंचीवरील ही जागा मानवली. खामगांव व जळगांव हे पायनघाटांतील तालुके त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत होते. ते १९०५ सालीं बुलढाण्यास जोडले गेले, आणि सत्ता डोंगरावर व तिजोरी पायथ्याशीं अशी या जिल्ह्याची वांटणी झाली.

बुलढाणें अजूनहि मुख्यतः कचेऱ्यांचें गांव आहे. रेल्वे नाहीं. तरी १९८६ सालीं स्थापन झालेली आणि पुढें अनेक राज्यांत पसरलेली बुलढाणा अर्बन ही सहकारी पतसंस्था मलकापुरास वा खामगांवास न निघतां या डोंगरावरच निघाली, याचें आम्हांला प्रथम नवल वाटलें. विचार केल्यावर तें कमी झालें. व्यापाऱ्याचा पैसा हंगामाचा असतो, नोकरदाराचा महिन्याच्या महिन्याला येतो; लहान ठेवी जमवावयाच्या तर पगारदारांचें गांव कांहीं वाईट नव्हे. या संस्थेच्या गोदामांची कीर्ति आम्हीं पूर्वीं ऐकली होती. शेतकऱ्यानें माल गोदामांत ठेवावा, त्यावर उचल घ्यावी, आणि भाव चढल्यावर विकावा, अशी ती रीत. येथें पेढी धान्याजवळ जाऊन बसली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

सायंकाळीं स्नेह्यांच्या घरीं बैठक जमली. आमच्या गल्लीचा प्रश्न ऐकून ते हंसले व म्हणाले, "वहिनींनीं नेमकें बोट ठेवलें." मग त्यांनीं जें समजावून दिलें त्याचें सार असें. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यानुसार प्रत्येक नगराची विकास योजना होते आणि कोणती जमीन राहण्यासाठीं, कोणती व्यापारासाठीं, कोणती शेतीसाठीं हें नकाशावर रंगांनीं दाखविलें जातें. २ डिसेंबर २०२० रोजीं राज्यानें एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबईसारखीं कांहीं क्षेत्रें वगळतां ती बहुतेक सर्व नगरांस लागू आहे. राहत्या भागांत दुकान, कचेरी, बँक यांस मुळींच मनाई आहे असें नव्हे; परंतु घरासमोरचा रस्ता किती रुंद आहे यावर तेथें काय चालेल हें ठरतें. अरुंद रस्त्यावर घरगुती गरजेच्या लहानसहान गोष्टी, रुंद रस्त्यावर मोठ्या. वकील किंवा वैद्य आपल्या राहत्या घरांत थोडी जागा व्यवसायास वापरूं शकतो. परंतु सोपा काढून पतसंस्थेस द्यावयाचा तर तो वापरांतील बदल झाला. भिंतीची एक वीट न हलवितां नुसता वापर बदलला तरी कायद्याच्या दृष्टीनें तो 'विकास'च, आणि त्याला नगरपरिषदेची परवानगी लागते.

"पण पतसंस्थेचा एवढा काय उपद्रव ?" आम्हीं विचारलें. "चार टेबलें आणि एक तिजोरी."

"तिजोरीचें वजन तुमच्या जुन्या जोत्याला विचारा," ते म्हणाले. "शिवाय रोकड आणणारी मोटार गल्लींत उभी राहणार, बाजाराच्या दिवशीं पन्नास दुचाक्या लागणार, जनित्र वाजणार, रात्रभर दिवा व पहारा राहणार. आणि आग लागली तर बंब आंत कसा न्यायचा ? नियम पैशाच्या विरुद्ध नाहीं हो, शेजाऱ्याच्या बाजूचा आहे."

हें आम्हांला पटलें. पण स्नेह्यांचें बोलणें तेथें थांबलें नाहीं. त्यांच्या मतें पैशाच्या धंद्यास दोन नकाशे असतात. एक नगरपरिषदेचा, दुसरा पैसा नियंत्रित करणाऱ्यांचा. हा दुसरा नकाशा सामान्य माणसास दिसत नाहीं, पण त्याच्या सीमा फार कडक असूं शकतात. १ एप्रिल १९८९ पासून बँकांत 'सेवाक्षेत्रा'ची पद्धत आली. प्रत्येक ग्रामीण व निमशहरी शाखेस साधारण १५ ते २५ गांवें नेमून दिलीं गेलीं. हेतु चांगला : कोणतेंहि खेडें बेवारस राहूं नये. परिणाम मात्र असा कीं, आपल्या वांट्याची शाखा मन लावून काम करीत नसली तरी शेतकऱ्यास दुसऱ्या दारीं जाणें अवघड झालें. २००४ च्या अखेरीस ही सक्ती बहुतांशीं सैल करण्यांत आली.

दुसरें उदाहरण सावकारीचें. परवानाधारक सावकारानें परवान्यांत लिहिलेल्या क्षेत्रांतच कर्ज द्यावें, असा कायदा आहे. २०१५ सालीं विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकऱ्यांचें अशा सावकारांकडील कर्ज शासनानें फेडण्याची योजना निघाली. तेव्हां असें दिसून आलें कीं, कित्येकांनीं घेतलेलें कर्ज सावकाराच्या क्षेत्राबाहेरचें होतें. रेघ ओलांडली होती सावकारानें, आणि माफींतून वगळला गेला शेतकरी. पुढें शासनास ती अट शिथिल करावी लागली. "पेढीची जागा चुकली," स्नेही म्हणाले, "तर दंड बहुधा पेढीकडे नव्हे, तिच्या दाराशीं उभ्या असलेल्या माणसाकडे जातो. या जिल्ह्यानें तें पुष्कळ पाहिलें आहे." त्यांनीं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची आठवण दिली. रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं नागपूर, वर्धा आणि बुलढाणा येथील जिल्हा बँकांस नव्या ठेवी घेण्याची मनाई केली, आणि नोव्हेंबर २०१४ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील अशा २३ विनापरवाना जिल्हा बँकांस सावरण्याची योजना मंजूर केली तेव्हां त्यांत या तिन्ही होत्या. खेड्यांतल्या शाखेची इमारत जागच्या जागीं उभी होती. जागा बरोबर, हिशेब चुकला.

दुसऱ्या दिवशीं बोथ्याच्या घाटानें खालीं उतरलों. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यांतून जातो. २०१९ सालीं यवतमाळकडील टिपेश्वराहून एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालत याच रानांत आला होता. माणसानें आंखलेलीं क्षेत्रें त्याला कोण समजावणार, असें मनांत येऊन हंसूं आलें. घाट संपला आणि पुन्हां काळी जमीन लागली. कापसाच्या गाड्या दिसूं लागल्या. खामगांव जवळ आलें.

खामगांवची पेठ फार जुनी नव्हे. १८२० च्या सुमारास कांहीं व्यापाऱ्यांनीं येथें तूप, सूत आणि थोडा कापूस यांचा धंदा मांडला. अर्ध्या शतकांत तिची एवढी वाढ झाली कीं, १८७० सालीं जलंबहून आठ मैलांचा लोहमार्ग केवळ या पेठेसाठीं घातला गेला, आणि खुद्द लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनास आले. पुढें १८९७ मध्यें वऱ्हाडांत कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. सौदा नेमलेल्या बाजारांतच व्हावा, दलाल व मापारी परवान्याचे असावेत, वर देखरेखीस समिति असावी, अशी त्याची योजना. मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना कायदा १९१५ चा. म्हणजे कोणता धंदा कोठें बसावा हें कायद्यानें ठरविण्याचा धडा वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें मुंबईच्या घरमालकाआधीं १८ वर्षें गिरविला होता. त्याचें कारण शहराची शोभा नव्हतें. आडरस्त्यावर गांठून, काट्यांत मारून, रुमालाखालीं बोटें दाबून होणारी फसवणूक उघड्यावर आणावी हें त्याचें कारण होतें. सराफकट्ट्याचा न्याय तो हाच. आज खामगांव चांदीसाठींहि नांवाजलेलें आहे. तिला रजतनगरी म्हणतात. चांदीच्या दुकानांवरून जातांना दारांत बसून वजन करून घेणाऱ्या बायका पाहिल्या, आणि काट्याकडे लागलेली त्यांची नजर पाहून १८९७ चा कायदा आठवला.

वाड्याच्या गल्लीशीं रिक्षा थांबली, आंत जाईना. सामान हातीं घेऊन चालत गेलों. संध्याकाळीं सुतळी धरून आम्हीं गल्ली मोजली. सर्वांत रुंद ठिकाणीं १६ फूट, आमच्या दाराशीं १३. नियमावली उघडावयाची गरजच उरली नाहीं. तरी दुसऱ्या दिवशीं नगरपरिषदेंत जाऊन विचारलें. एवढ्या रस्त्यावर असा वापर बदलून मिळणार नाहीं, हें उत्तर दोन मिनिटांत मिळालें.

आत्याबाईंस सांगितलें तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर खेद दिसला नाहीं. त्या म्हणाल्या, "बरें झालें. मला तरी कोठें हवी होती ! पण मी नाहीं म्हटलें असतें तर तुम्हांला वाटलें असतें, म्हातारीला घर सोडवत नाहीं."

"मग पत्रांत कां नाहीं लिहिलेंत ?"

"अरे, भिंत माझ्या एकटीची का आहे ?" मग थोड्या वेळानें, चूल सारवतांना बोलावें तशा सहज आवाजांत, त्यांनीं एक गोष्ट सांगितली. यजमान गेल्यावर त्यांच्या सेवानिवृत्तीचे आलेले पैसे आत्याबाईंनीं एका पतसंस्थेंत ठेवले होते. ती कांहीं गल्लींत नव्हती. हमरस्त्यावर होती, कांचेचें दार, मोटारी लावण्यास आवार, भिंतीवर चौकटींत लावलेलीं प्रमाणपत्रें. एके सकाळीं दाराला कुलूप दिसलें. "घरीं येऊन मी कुणाला कांहीं बोललें नाहीं. देवाचा दिवा लावला आणि भात टाकला. तुम्हांला कळवावयास चार महिने लागले." पैशांतील कांहीं भाग वर्षांनंतर मिळाला, कांहीं अजून यावयाचा आहे. बँकेंतील ठेवीस असतो तसा विमा पतसंस्थेंतील ठेवीस नसतो, हें त्यांना तेव्हां ठाऊक नव्हतें; खरें सांगावयाचें तर आम्हां घरांतल्या शिकल्यासवरल्यांनाहि नव्हतें. दोन्हींचे फलक सारखेच झळकतात.

ती रात्र आम्हांला नीट झोंप लागली नाहीं. स्नेह्यांच्या दोन नकाशांचा अर्थ आत्याबाईंच्या गोष्टीनें पुरा कळला. नगरपरिषद पाहते ती पेढीपुढचा रस्ता; निबंधक व रिझर्व्ह बँक पाहतात त्या आपापल्या कक्षेंतील वह्या. पेढी रस्त्यावर बरोबर बसली आहे एवढ्यावरून ती वहींतहि बरोबर आहे असें आपण धरून चालतों. चांगल्या वस्तींतील चांगली इमारत हीच आपल्या मनांतील हमी होऊन बसते. जुन्या सराफकट्ट्यावर जागा आणि पत एकाच डोळ्यानें दिसत. आतां त्या दोन वेगळ्या कार्यालयांत गेल्या आहेत. आणि त्या एकत्र पाहण्याचें काम, कोणी स्पष्ट सांगितलेलें नसतां, घरोघरच्या माणसांवर येऊन पडलें आहे.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती. घर वा जागा पैशाच्या धंद्यास देण्यापूर्वीं रस्ता मोजा आणि परवानगीचा कागद पाहा. ठेव ठेवण्यापूर्वीं ती बँक आहे कीं पतसंस्था, तिच्यावर देखरेख कोणाची, ठेवीस विमा आहे कीं नाहीं, हें विचारा. आणि उत्तर घरांतल्या वडील बायकांना समजेल अशा भाषेंत त्यांना सांगा, कारण आयुष्याची पुंजी पुष्कळदां त्यांच्या नांवावर असते आणि निर्णय मात्र दुसऱ्याच्या जिभेवर. आपल्या नगराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हां हरकती व सूचना मागवितात. त्या सूचनेकडे जाहिरात समजून पाठ फिरवूं नका. आपल्या दाराशीं काय येणार तें त्या नकाशांत असतें.

पतसंस्थेस नकाराचें पत्र दिलें. भिंतीच्या खर्चाचें काय, हा प्रश्न उरला होता. तो आम्हीं तेथूनच घरीं कळविला, आणि प्रत्येक बिऱ्हाडानें आपला वांटा उचलावा असें ठरलें. विकण्याची भाषा करणाऱ्या चुलतबंधूंचा वांटा सर्वांआधीं आला, हें येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

निघण्याच्या आदल्या दिवशीं सोप्यावर सतरंजी अंथरलेली दिसली. गल्लींतील बारा-तेरा बायका जमल्या. आत्याबाईंच्या बचतगटाची ती बैठक होती. अशा गटांस बँकांशीं जोडण्याचा उपक्रम नाबार्डनें १९९२ सालीं आरंभिला, तो असा घरोघर पोंचलेला आहे. एकीनें वही वाचली, दुसरीनें पैसे मोजले, तिसरीनें ते पुन्हां मोजले. एका शेजारणीस मुलाच्या शिक्षणासाठीं रक्कम हवी होती. तिला कारण सर्वांसमक्ष विचारलें गेलें आणि फेडीचे हप्तेहि सर्वांसमक्ष ठरले. आमच्या तेरा फुटी गल्लींत एवढा व्यवहार चालला होता. त्याला परवानगी लागत नाहीं, आणि तिजोरीहि लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं जमलेले पैसे भरण्यास आत्याबाई हमरस्त्यावरच्या बँकेंत निघाल्या. आम्हीहि बरोबर गेलों. दाराशीं पांच उंच पायऱ्या होत्या. धरावयास कठडा नव्हता. आत्याबाईंनीं पिशवी छातीशीं धरली, दुसरा हात पहारेकऱ्याच्या खांद्यावर ठेवला, आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकून चढल्या. दर महिन्यास अशाच चढत असल्या पाहिजेत. तेथेंच बसून आम्हीं शाखाधिकाऱ्यांस अर्ज लिहिला कीं, अपंग व वृद्ध यांच्या सोयीचे नियम आतां सार्वजनिक इमारतींस लागू आहेत, तरी कठडा व उतरती वाट करून द्यावी. त्यांनीं अर्ज घेतला व पोंच दिली.

परवां आत्याबाईंचें पत्र आलें. भिंत झाली, चुना चांगला लागला, गवंडी प्रामाणिक होता. शेवटच्या ओळींत लिहिलें आहे, कठड्याचें माप घेऊन गेले आहेत. अजून बसलेला नाहीं.